हे काम तुम्हाला कोणी शिकवलं?

माझ्या प्रकल्पातला चौथा प्रश्न असा होता: हे काम तुम्हाला कोणी शिकवलं? प्रश्न मी तयार केलेला नव्हता. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी नमुना म्हणून काही प्रश्न दिले होते, त्यातला तो एक. मला तो सगळ्यांत सोपा वाटला होता, कारण त्याचं उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं.

मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे प्रकल्प म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे घरी विचारण्याची सोय नव्हती. वर्गातल्या मुलींनी वडिलांच्या, मामांच्या कंपन्या घेतल्या. माझे वडील नालासोपाऱ्यातच एका सोसायटीत वॉचमन आहेत. तिथे प्रशिक्षण म्हणून आपल्याला एक शिट्टी मिळाली, असं ते स्वतःच सांगतात. उरली आईची जागा. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात ती बल्बच्या आत बसणाऱ्या प्लेटांना सोल्डरिंग करायची. मी मॅडमना चाचरत सांगितलं की गाळा अगदी लहान आहे, सात-आठ बायका आणि मालक, एवढ्यावर चालेल का. मॅडम म्हणाल्या, लहान आहे म्हणूनच कर, मोठ्या कंपन्यांवर सगळेच लिहितात. 'लहान उद्योगांतील कामगारांचे प्रशिक्षण' हे नावही त्यांनीच दिलं.

आता तो गाळा राहिलेला नाही. तिथे कोणाचं तरी गोदाम आहे. बायकांची कागदपत्रं नव्या ठिकाणी होऊन पक्की झाली आहेत. म्हणून, आणि आईला विचारून, हे लिहिते आहे.

गाळ्यात नवीन बाई आली की शेठ दारातच विचारायचे, काम येतं का. येतं म्हणणारी टेबलाला बसायची. शिकेन म्हणणारी हेल्पर व्हायची, म्हणजे खोकी उचलणं, झाडू मारणं, पाणी भरणं. आणि हेल्पर म्हणून लागलेली बाई हेल्परच राहायची. शेठ वाईट माणूस नव्हते. दिवाळीची मिठाई ते प्रत्येकीच्या हातात स्वतः द्यायचे. पण शिकवायला त्यांच्याकडे ना वेळ होता ना माणूस. त्यांना हात तयार असलेलीच बाई हवी असायची, आणि हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे जिने जन्मात कधी सोल्डरगन हातात धरली नाही, तीही दारात उभी राहून येतं म्हणायची.

तिचं ते 'येतं' खरं करून देणं आईकडे असायचं. हे काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. ती स्वतःही अशीच येतं म्हणून आत शिरली होती. पहिल्या दिवशी तिची बोटं भाजली, ती तिने पदरात लपवून घरी आणली होती. त्या दिवसाचं ती फारसं बोलत नाही. पण पुढे जी नवीन येईल तिला ती आपल्या डाव्या हाताला बसवून घ्यायला लागली. सुरुवातीचे काही दिवस आई स्वतःच्या पुऱ्या झालेल्या प्लेटा हळूच तिच्या ट्रेमध्ये सरकवायची आणि तिच्या बिघडलेल्या आपल्याकडे ओढून नीट करायची. शेठ फेरी मारायला आले की दोघींचे ट्रे सारखेच भरलेले दिसायचे. मग रविवारी ती बाई आमच्या घरी यायची.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. दुपारची जेवणं झाली की आई ओट्याखालून जुनी सोल्डरगन काढायची. शेठनी मोडीत टाकलेली ती गन तिने मागून आणली होती. भंगारातल्या वाया गेलेल्या प्लेटाही असायच्या. स्टीलच्या ताटावर प्लेट ठेवायची, बाईच्या मागे बसायचं आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन डाग द्यायचा, म्हणजे जोड बसवायचा. कथलाची तार वितळली की तिच्यातल्या राळेचा धूर निघतो. त्याचा वास बराचसा देवघरातल्या धुपासारखा असतो. शेजारच्या आजींना वाटायचं, आमच्याकडे दर रविवारी नेमाने धूप जाळतात. त्या आईला भाविक समजायच्या. आईने त्यांची समजूत कधी मोडली नाही, कारण आजींचा पुतण्या वसाहतीतच कामाला होता.

रात्रपाळी करून आलेल्या वडिलांना झोप सोडून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसावं लागायचं. घरात कारखाना काढलाय, मालक मात्र आपण नाही, असं पुटपुटत ते चप्पल घालायचे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसायचे. अनेक बायका मी तशा बसलेल्या पाहिल्या. त्यांतली सर्वांत शेवटची म्हणजे मिठागराकडची मावशी.

ती नायगावच्या पुढच्या एका गावातून यायची. घरचं मिठागराचं काम बंद पडल्यावर ती वसाहतीत शिरली होती. अंगाने दणकट, हात मोठे, बोलणं मोकळं. तिच्या हातात गन थरथरायची आणि कथलाचा गोळा भलतीकडेच पडायचा.

"हात काय ऐकत नाय, ताई," ती म्हणायची. "मीठ वढायला लावा, दिवसभर वढीन."

"तो जोर इथे नको. हात हलका सोड," आई सांगायची. "झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण टाकतेस ना, तसा."

"माजी पोरं झोपतील तवा ना."

दोघी हसत सुटायच्या आणि डाग पुन्हा बिघडायचा. तिला शिकायला सगळ्यांत जास्त रविवार लागले. पण एकदा हात बसल्यावर तिच्याइतकं साफ काम गाळ्यात कोणाचं नव्हतं.

माझा प्रकल्प सुरू झाला तोवर आईचे डोळे अधू झाले होते. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं काहीतरी आहे, चष्म्याने सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गाळ्यात हे तिने सांगितलं नव्हतं. मी पहिल्यांदा निरीक्षणासाठी गेले त्या दुपारी कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून बघत होते. पंखे जोरात फिरत होते, बायका वाकून काम करत होत्या. मिठागराकडची मावशी शेठची पाठ वळली की आपल्या ट्रेमधल्या दोन-तीन प्लेटा आईच्या ट्रेमध्ये सरकवत होती. आईच्या बिघडलेल्या प्लेटा तिच्याकडे जात होत्या. दोघींपैकी कोणीही वर बघत नव्हतं. मी वहीत काही लिहिलं नाही.

त्याच सुमारास शेठना एक भागीदार मिळाला आणि गाळा कामणच्या बाजूला मोठ्या शेडमध्ये हलवायचं ठरलं. नव्या प्लेटांवरचे पार्ट रव्याच्या दाण्याएवढे असणार होते. तिथे प्लेटा करायला बसणाऱ्या प्रत्येकीची नजर तपासणार होते. ही सगळी व्यवस्था बघायला भागीदाराकडून एचआरचे साहेब आले. वयाने माझ्याहून थोडेसे मोठे, बोलायला नम्र. माझा प्रकल्प ऐकून त्यांना बरं वाटलं. नव्या जागी बऱ्याच मुली भरायच्या आहेत, त्यांना शिकवायला एक अनुभवी बाई आम्ही कायमची ठेवणार आहोत, असं त्यांनी आपणहून सांगितलं. तिने स्वतः प्लेटा करायच्या नाहीत, फक्त शिकवायचं. महिन्याचा पगार. जुन्यांपैकीच कोणी मिळाली तर उत्तम. अट एकच, की तिने याआधी इथे कोणाला तरी शिकवलेलं हवं.

मी त्या संध्याकाळी जवळजवळ पळतच घरी आले. आई मेथी निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपून काड्या वेगळ्या करत होती. मी सांगितलेलं तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, शिकवणारीला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात. मी म्हटलं, ट्रेनर. तिने तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला.

"तिला खुर्ची असेल का गं?" ती म्हणाली. "पाठ टेकायला?"

गाळ्यात सगळ्या जणी स्टुलांवर बसायच्या. स्टुलाला पाठ नसते, हे मी इतक्या वर्षांत कधी मनाशी म्हटलं नव्हतं. असेल, मी म्हणाले. वडिलांनी आतून विचारलं, आता घरातही ट्रेनरबाई म्हणायचं का. आईने त्यांना मेथीची काडी फेकून मारली. पुढचे काही दिवस ती घरात गुणगुणत असायची. नव्या शेडला जायला कुठून रिक्षा बदलावी लागेल याचीही तिने चौकशी करून ठेवली. डोळे गेले तरी हात तर शाबूत आहेत, असं ती एकदा मला म्हणाली. दुसऱ्याचा हात धरायला दिसावं लागत नाही.

माझी गटचर्चा गाळ्यातच ठरली, जेवणाच्या सुट्टीनंतर. साहेब म्हणाले, मीही बसतो, माझंही काम होऊन जाईल. शेठही खुर्ची ओढून बसले. बायका स्टुलांवर गोल बसल्या, काहींच्या मांडीवर अजून डबे होते. आईने त्या दिवशी जरीच्या काठाची साडी नेसली होती आणि बाकीच्या जणी तिला त्यावरून चिडवत होत्या. लेक साहेबीण झाली म्हणून आई पण नटून आली, असं कोणीतरी म्हणालं.

माझ्याआधी साहेबांनी दोन शब्द बोलून घेतले. नव्या कंपनीत तुमची जुनी वर्षं धरली जाणार आहेत, ते म्हणाले. ज्या बाईला लागतानाच काम येत होतं, तिची सगळी वर्षं कुशल कामगार म्हणून मोजू. जिने इथे येऊन काम शिकून घेतलं, ती वर्षं हेल्परची धरावी लागतील आणि तिची सुरुवात खालच्या श्रेणीतून होईल. हे त्यांनी समजावून, शांतपणे सांगितलं. त्यात धमकी काही नव्हती. शेठ लगेच म्हणाले, माझ्याकडे सगळ्या काम येणाऱ्याच घेतल्यात, एकही कच्ची नाही. बायकांच्या बाजूने बोलत होते ते. तसं त्यांना खरोखरच वाटतही होतं.

मी आईकडे पाहिलं. ती साडीचा काठ बोटांनी सरळ करत होती.

माझे पहिले तीन प्रश्न झाले. किती वर्षं इथे आहात, आधी कुठे होतात, कामाची वेळ काय. बायकांनी उत्तरं दिली, मी लिहून घेतली. चौथ्या प्रश्नावर मी थांबले. पान उलटावं आणि पाचवा विचारावा असं वाटलं. साहेबांसमोर प्रश्नांची एक प्रत होती.

"मॅडम, चौथा राहिला," ते म्हणाले. "तो माझ्या कामाचा आहे."

मला मॅडम म्हणणारे ते पहिलेच. मी प्रश्न वाचला.

पहिल्या बाईने सांगितलं, कोणी नाही, आधीच्या कंपनीत करत होते. दुसरी म्हणाली, बघून बघून आलं. तिसरीने नुसती मान हलवली. त्यांच्यातली प्रत्येक जण आमच्या खोलीत स्टीलच्या ताटासमोर बसलेली मी पाहिली होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि आईकडेही बघत नव्हत्या. त्यांना दोष द्यावा असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. दारात दिलेलं उत्तर त्या पुन्हा देत होत्या, एवढंच.

मिठागराकडच्या मावशीची पाळी आली. तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मला," ती म्हणाली, "मला ना साहेब, ताईनी..."

"तिला येतच होतं," आई मध्येच बोलली. अगदी साध्या आवाजात. "पहिल्या दिवसापासून तिचा ट्रे माझ्याबरोबरीने भरायचा. शेठना विचारा."

शेठ म्हणाले, बरोबर आहे, मी स्वतः बघितलंय.

साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांनी आईला विचारलं, आणि तुम्ही, तुम्ही इथे कोणाला शिकवलंय का. त्यांनी ते आशेने विचारलं होतं असं मला अजूनही वाटतं. ती माझी आई आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"मी कशाला शिकवू," आई म्हणाली. "मला माझंच उरकत नाही."

बायका हसल्या, कारण काहीतरी करणं भाग होतं. मी पाचवा प्रश्न वाचला.

परत येताना आई, मी आणि मावशी एकाच शेअर रिक्षात होतो. मावशी बाहेर बघत होती. रिक्षा मुख्य रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली,

"ताई, मी सांगनार होते."

"माहीत आहे."

"मंग का नाय सांगू दिलं?"

"तुझी पोरं अजून शाळेत आहेत," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं शिकून होत आलं."

तिचा थांबा आला तेव्हा उतरताना तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तशीच क्षणभर उभी राहिली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

प्रकल्प लिहायला बसले तेव्हा मी आईला विचारलं, कोणाचंही नाव न घेता खरं लिहिलं तर. ती म्हणाली, गाळा एक, बायका सात-आठ, नाव नसल्याने काय होणार आहे. मग काय लिहू, मी विचारलं.

"त्यांनी जे सांगितलं ते लिही. कोणी शिकवलं नाही."

मी तसंच लिहिलं. सदर उद्योगात औपचारिक किंवा अनौपचारिक प्रशिक्षण दिले जात असल्याचे आढळले नाही. मॅडम त्या वाक्यापाशी थांबल्या. औपचारिक नसणारच, पण एकमेकींकडून तरी शिकत असतील ना, त्यांनी विचारलं, तू नीट विचारलंस का. मी म्हटलं, सगळ्यांना विचारलं, मॅडम. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि सही केली.

गाळा हलला. आई नजर तपासायला गेलीच नाही. पायाचं दुखणं आहे, तेवढ्या लांब झेपणार नाही, असं तिने कळवून टाकलं. शेठ घरी येऊन गेले, इतक्या वर्षांची बाई सोडवत नाही म्हणाले. बाकीच्या सगळ्या जणी वरच्या श्रेणीत लागल्या. शिकवायला विरारची एक आयटीआय झालेली मुलगी घेतली. पहिल्या रविवारी मावशी पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आली तेव्हा तिने सगळी हकिगत सांगितली. पोरगी गोड हाय, आमाला आंटी बोलते, ती म्हणाली. आईने विचारलं, तिला खुर्ची दिलीय का. मावशी हो म्हणाली. चाकांची हाय, ती म्हणाली, आनि मग सुकेळीचं पान सोडवत बसली.

काही आठवडे बायका येत राहिल्या. कोणी वांगी आणायची, कोणी नुसतीच गप्पा मारायला. घडलं त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. त्यांच्या डोळ्यांत कायम काहीतरी मागायचं राहून गेल्यासारखं असायचं आणि आई त्यांना तेवढाच वेळ हसवत ठेवायची. मग तिकडे रविवारीही काम सुरू झालं आणि येणं कमी होत गेलं. नवीन बाई तर कोणी येणारच नव्हती. नव्या मुलींना शिकवायला आता तिकडे माणूस होतं.

मला विरारमध्ये एका छोट्या ऑफिसात काम मिळालं आहे. मुलाखतीला येणाऱ्यांचे अर्ज विचारून भरून घेते. समोर बसलेली मुलगी चटकन 'येतं' म्हणाली की मी खाली बघून पुढचं विचारते.

मागच्या पावसाळ्यानंतर कधीतरी शेजारच्या आजी दारात उभ्या राहिल्या. आई तांदूळ पाखडत होती.

"हल्ली रविवारचा धूप लावत नाही वाटतं तुम्ही," आजी म्हणाल्या. "घरात बसल्या बसल्या वास यायचा. बरं वाटायचं."

"आता होत नाही हो तेवढं," आई म्हणाली.

आजी गेल्यावर तिने सूप खाली ठेवलं. ओट्याखालचं ताट अजून तिथेच आहे, गनही तिथेच आहे, तिची वायर उंदरांनी कुरतडली आहे. पुढच्या रविवारी तिने वडिलांना बाजारातून धूप आणायला सांगितला. दुपारची जेवणं झाल्यावर तो तिने त्याच स्टीलच्या ताटात ठेवून पेटवला आणि ताट दाराशी नेऊन ठेवलं. मी घरीच होते. धूर बराच झाला, पण वास तसा नव्हता. आजी गॅलरीतून जाता जाता थांबल्या, ताटाकडे बघितलं आणि आत गेल्या.